कुपाराचा हात

१

ताटाळ्यातलं एक ताट घसरलं आणि खालच्या परातीवर खणकन आपटलं. तेवढ्या आवाजानं लिडियाला कळलं, की घर आज फारच गप्प आहे.

वसईतल्या सांडोरच्या त्या बैठ्या घरात दुपारी चारच्या सुमाराला दोन आवाज हमखास असायचे. एक पंख्याचा आणि दुसरा तिच्या सासऱ्यांचा. थॉमस मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती, पण लिहिलेलं वाक्य मोठ्यानं म्हणून बघितल्याशिवाय ते पुढचं लिहीत नसत. जिभेला टोचलं की खोडायचं, असा त्यांचा नियम.

शिवणाच्या क्लासची पिशवी खाली ठेवून लिडियानं मांजराला हुसकलं. "पप्पा, मागचं दार तुम्ही उघडं टाकलंत का? मांजर आत शिरलं बघा."

पुढच्या खोलीतून नुसता पंखा टकटकला.

मास्तर आल्ताराच्या खाली पडले होते. आल्तार म्हणजे घरातला देव्हारा, भिंतीवर खांद्याइतक्या उंचीची फळी, तिच्यावर पांढरं कापड, मेरीमातेची मूर्ती आणि मेणबत्ती. मास्तर त्याच्याच खाली टेबल मांडून लिहायला बसत. आता ते कुशीवर होते, पाय वॉकरमध्ये अडकलेले. कानाच्या वरची बाजू आत चेपली होती. कागद उडू नयेत म्हणून ते वरवंटा ठेवायचे. तो वरवंटा दारापर्यंत गडगडत गेला होता आणि त्याच्या टोकाला पांढरे केस चिकटले होते. फरशीच्या सांध्यासांध्यांतून रक्त उंबऱ्याकडे निघालं होतं, कुणी रेघा आखून दिल्यासारखं.

लिडिया किंचाळली ती शेजारच्या वाडीत ऐकू गेली. ऑगस्टीन तारेचं कुंपण ओलांडून आला. सत्तरीचा माणूस, पोटरी तारेनं फाटली तरी थांबला नाही. या दोन घरांत एकतीस वर्षं बोलणं नव्हतं. तो खाली बसला, मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं आणि घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटत राहिला.

तो तसाच बसलेला असताना मास्तरांचा मुलगा स्टीवन दारात आला. त्यानं बापाचं डोकं बघितलं, मग ऑगस्टीनचा रक्तानं भिजलेला सदरा बघितला.

"तू," तो म्हणाला. "शेवटी तूच."

अंगणात केळीला टेकू द्यायचे बांबू रचून ठेवले होते. लिडिया मध्ये पडेपर्यंत स्टीवननं त्यातल्या एकानं सहा-सात घाव घातले होते. पहिल्या घावाला ऑगस्टीननं हात वर केला तो हात मोडला. नंतर त्यानं हात वर केलाच नाही.

पोलीस आले तेव्हा आल्तारासमोर दोन म्हातारे पडले होते. त्यातला एक श्वास घेत होता.

२

सबइन्स्पेक्टर सुमेधाला फोन आला तेव्हा ती मुलीच्या दप्तराचा बंद शिवत होती. नवरा जहाजावर, त्यामुळे पाच वर्षांच्या उन्नतीला शेजारच्या अश्लेषावहिनींच्या ताब्यात देऊन ती निघाली. सुई दप्तरातच राहिली.

मास्तरांच्या खोलीत ती रक्त चुकवत आल्तारापाशी जाऊन उभी राहिली. हवालदार प्रल्हादराव वरवंटा पिशवीत घालत होते.

"सरळ केस आहे मॅडम. एकतीस वर्षांचं वैर. सदऱ्यावर रक्त. आणि गेल्या आठवड्यातच दोघं कुंपणापाशी मोठमोठ्यानं बोलत होते, आळीतल्या चार जणांनी ऐकलंय."

"काय बोलत होते?"

"ते कुणी ऐकलं नाही. आवाज ऐकला."

सुमेधा आल्ताराकडे बघत होती. मूर्तीच्या पायाशी मोगऱ्याच्या कळ्यांचा एक लहानसा सर होता. पांढऱ्या कळ्यांवर तांबडे ठिपके. तिनं पेन्सिलीच्या टोकानं सर उचलला. फळीवरचं कापड सगळीकडे रक्ताच्या शिंतोड्यांनी भरलं होतं, पण सर होता तेवढीच जागा कोरी. पांढरीशुभ्र, वळणदार.

"लिडिया," तिनं हाक मारली, "ही फुलं तुम्ही वाहिलीत?"

लिडिया स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून बसली होती. आठ वर्षांचा सॅमी, तिचा मुलगा, तिच्या पदराखाली तोंड घालून होता. "नाही. गर्दीत कुणीतरी ठेवली असतील नंतर."

"नंतर नाही. घाव बसला तेव्हा फुलं इथे होती."

"मी दोन वाजता आल्तार पुसला. तेव्हा मूर्ती आणि मेणबत्ती. बाकी काही नव्हतं. मग मी क्लासला गेले."

"पप्पांनी स्वतः?"

"त्यांचा खुबा मोडलाय. दोन्ही हात वॉकरला लागतात. वर काही ठेवायचं असलं की मला हाक मारायचे."

"मोगरा कुणाकडे आहे?"

लिडियानं सॅमीच्या डोक्यावर पदर ओढला. "ऑगस्टीन अंकलच्या विहिरीवर आहे," ती म्हणाली. "पण मोगरा काय, इथे बऱ्याच वाड्यांत आहे."

म्हणजे दोन आणि चारच्या मध्ये कुणीतरी आलं होतं. त्यानं आधी फुलं ठेवली आणि मग वरवंटा उचलला. ज्या माणसाला मारायला आलो त्याच्या देवापुढे कोण फुलं ठेवतं?

प्रल्हादराव टेबलाशी वाकले होते. "मॅडम, इथे वही होती. सूनबाई म्हणतात, जाड निळी वही. मास्तर तिच्यावर हात ठेवून झोपायचे. आता नाही."

३

स्टीवन कोठडीत उभाच होता. हातांना बांबूची कुसं गेली होती, ती त्यानं काढू दिली नव्हती.

"तेच होते ना, मॅडम?"

"आधी मला सांग, वैर कशाचं?"

"मला एक बहीण होती. टिफनी. ती सहा वर्षांची, मी दोन. ती त्यांच्या बावखलात बुडाली." बावखल म्हणजे वाडीतलं तळं. वसईच्या जुन्या वाड्यांना पाणी त्याच्यातूनच मिळायचं. "त्यांनी बावखलाला कुंपण घातलं नव्हतं. पप्पा तेव्हापासून त्यांच्याशी बोलले नाहीत. आई तर त्याच दुःखात गेली."

"आणि तू?"

स्टीवननं हात बघितले. "ते माझे धर्मबाप आहेत. बाप्तिस्म्याला मला त्यांनीच हातात धरलं होतं. पप्पा बोलायचे नाहीत, तरी अंकल दर नाताळला कुंपणावरून लिडियाच्या हातात सुकेळी, वाळवलेली केळी, द्यायचे. माझ्यासाठी." मग पुन्हा, घाईनं, "तेच होते ना? दवाखान्यातून काय कळलं?"

"शुद्धीवर नाहीत. डोक्याला मार आहे."

"ते गेले तर मी खुनी. ते चालेल मला. पण तेच होते, एवढं सांगा."

सुमेधानं कोठडीबाहेर येऊन मास्तरांच्या फोनची यादी मागवली.

मास्तरांच्या फोनवर त्या आठवड्यात घराबाहेरचे दोनच नंबर होते. पहिला कौस्तुभचा. तो तिशीतला, नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेऊन राहायला आलेला, घरून काम करणारा. मास्तरांचं पुस्तक तो हौसेनं टाइप करत होता.

"पुस्तक एका शब्दावर आहे," तो उत्साहानं सांगू लागला, मग माणूस मेलाय हे आठवून त्यानं आवाज खाली आणला. "कुपारी. इथल्या लोकांना म्हणतात ना तसं. मास्तरांच्या मते शब्द पोर्तुगिजांच्या वेळचा, कोंपाद्रे. मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मबाप, या दोघांचं एकमेकांशी जे नातं लागतं ते; दोघं एकमेकांचे कुपार. मास्तरांनी फार सुंदर लिहिलंय. भाऊ आई देते, सोयरा लग्न देतं, कुपार माणूस स्वतः निवडतो, म्हणून तो चुकला तर देवाला दोष देता येत नाही."

"किती पानं टाइप झाली?"

"पहिली चाळीस. फाइल देतो ना. पुढचं मी वाचलेलंच नाही."

"काल दुपारी कुठे होतात?"

"मीटिंगमध्ये. घरीच."

दुसरा नंबर मार्सेलचा. सोमवारी, चार मिनिटं. मार्सेलची वसईतल्याच होळी नावाच्या भागात फुलवाडी होती. सहासष्ट वर्षांचा, सावकाश बोलणारा, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यानं सुमेधाला शहाळं फोडून दिलं.

"मास्तरांना सणासाठी फुलं हवी होती. भाव विचारत होते."

"मास्तरांशी तुमचा संबंध?"

"वसईत मास्तरांना कोण ओळखत नाही? आमचं नातंबितं काही नाही. चर्चमध्ये दिसले की हात वर करायचा, एवढंच."

"त्यांच्या घरी जाणं?"

"माझ्यासारख्याचं काय काम तिथं, बाई. ते शिकलेले." शहाळं संपेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. "ऑगस्टीन जगतोय का?"

"अजून आहेत."

"बरं," मार्सेल म्हणाला.

संध्याकाळी स्टेशनात बसून सुमेधानं कौस्तुभची फाइल वाचली. चाळीसही पानं वाचली. भाऊ, सोयरा आणि कुपार यांच्याबद्दलचं ते वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

४

"मी चोर नाही," कौस्तुभ म्हणाला. निळी वही त्याच्या कपाटात इस्त्रीच्या शर्टांखाली होती.

"मग वही उडत आली?"

"रविवारी टाइप करायला म्हणून मागून घेतली मी. खून मंगळवारी झाला. मॅडम, ते सगळं हातानं लिहून सगळ्यांना वाचायला द्यायचे. कुणीतरी छापून मोकळा झाला असता. मला वाटलं, आपण नीट पुस्तक करू. वर दोघांची नावं."

"दोघांची?"

कौस्तुभ विस्कटलेल्या शर्टांच्या घड्या सारख्या करू लागला.

"मंगळवारी मीटिंग नव्हती तुमची. मी विचारलं ऑफिसात."

कौस्तुभचा चेहरा उतरला. "वही परत ठेवायला गेलो होतो. तीन वाजता. पुढचं दार लोटलेलं होतं. आतून मास्तरांचा आवाज येत होता. रोजचा नाही. ते रडत बोलत होते. मी मागे फिरलो."

"कुणाशी बोलत होते?"

"समोरच्याचा आवाज आला नाही. तो नुसता ऐकत होता."

सकाळी उन्नती दुधाचा पेला पुढे ठेवून एकेक घोट मोजत होती, आणि सुमेधा समोर बसून निळी वही वाचत होती. अक्षर शाळेच्या फळ्यावरचं, टपोरं. बेचाळिसाव्या पानावर तिचा हात थांबला.

'आमच्या आळीत कुपार कुपाराच्या घरी रिकाम्या हातानं पाय ठेवत नाही. कितीही भांडण असो. आणलेलं आधी आल्तारापुढे ठेवायचं, मग खुर्ची, मग बोलणं. ते माझ्यासाठी नसतं. ते माझ्या लेकरासाठी असतं, ज्याचा तो अर्धा बाप आहे. माझे वडील सांगत, की हा नेम हाताला इतका भिनतो की डोक्याला विचारत नाही.'

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणजे फुलं ठेवणारा कुपार होता. आणि त्या घराचा कुपार कोण, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

दुपारी तिनं ते पान स्टीवनला वाचून दाखवलं. तो गजांशी आला.

"म्हणजे तेच," तो म्हणाला. तो भिंतीला टेकला. "बघा. मी उगीच नाही मारलं."

प्रल्हादरावांनी मान डोलावली. सुमेधानं वही मिटली आणि एक पान तिच्या बोटाशी तसंच अडकून राहिलं. ती उभ्याउभ्याच वाचू लागली.

"स्टीवन," ती म्हणाली, "ऑगस्टीननी तुला आजवर काय काय आणलं?"

"सुकेळी. अंडी. एकदा बोरांची पिशवी."

"फुलं कधी?"

"मला? मी काय मुलगी आहे?"

तिनं वही गजांमधून आत धरली. पान त्रेचाळीस. 'धर्मलेक मुलगा असेल तर खायचं, मुलगी असेल तर फुलं. मुलगी लग्न करून गेली की फुलं तिच्या घरी जातात. लग्नाआधी वारली तर ती आईबापाच्याच आल्तारावर येतात, धर्मबाप जिवंत असेतो.'

स्टीवननं ते दोनदा वाचलं. मग त्यानं बांबूची कुसं गेलेले हात पाठीमागे नेले, कुणी बघू नयेत म्हणून.

"टिफनीला बाप्तिस्म्याला कुणी धरलं होतं?" सुमेधानं विचारलं.

"मला माहीत नाही. त्या घरात तिचं नाव कुणी काढत नसे."

५

चर्चच्या कचेरीत फादर व्हॅलेरियननी बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढून दिलं. पानं कडेला तांबूस झाली होती. टिफनी, बाप थॉमस, हे वाचून सुमेधाचं बोट पुढच्या, धर्मबापाच्या रकान्यावर गेलं आणि तिनं प्रल्हादरावांना गाडी काढायला सांगितलं.

होळीच्या वाडीत मार्सेल केळीच्या पानावर कळ्या पसरत होता. शेजारी पानं कापायचा कोयता. खुडणाऱ्या दोन बायकांना त्यानं पोलिसांना बघताच घरी पाठवलं.

"तुम्ही म्हणालात, नातं नाही," सुमेधा म्हणाली.

"रजिस्टर बघितलंत." त्यानं पान मिटलं, गवताच्या काडीनं बांधलं. "एकतीस वर्षं मी सगळ्यांना तेच सांगतो. पुढंपुढं स्वतःलाही खरं वाटतं."

"मंगळवारी तुम्ही तीनच्या सुमाराला मास्तरांकडे गेलात. फुलं ठेवलीत. रक्त त्या फुलांवर उडालंय, खाली नाही. म्हणजे फुलं आधी. ती मुलीसाठी होती, आणि त्या घरात फुलांची एकच मुलगी होऊन गेली. ऑगस्टीन आला असता तर सुकेळी असती. फुलं आणणारा एकच माणूस असू शकतो, आणि त्यालाच ते नातं लपवावंसं वाटलं."

"भाव विचारायला फोन केला होता त्यांनी."

"ज्यांना घरच्या आल्तारापर्यंत हात नेता येत नाही ते फुलांचा भाव कशाला विचारतील?"

मार्सेलनं चष्मा काढून दोरीवर सोडला. तो वाकला ते पान उचलायला, असं तिला वाटलं. कोयता वर आला तेव्हा प्रल्हादराव मध्ये आले. त्यांच्या कोपराखालचं मांस हाडापर्यंत उघडलं आणि रक्ताची चिळकांडी कळ्यांवर गेली. दुसरा वार सुमेधाच्या कानाशेजारून केळीच्या खोडात रुतला. तो ओढून काढायच्या आत तिनं म्हाताऱ्याच्या गुडघ्याच्या मागे लाथ घातली. तो पडला, तरी हात कोयत्याकडे जात होता. तिनं त्याच्या मनगटावर बूट ठेवला आणि हाड करकरलं तरी काढला नाही.

त्याचं तोंड मातीत होतं. बोलला तोही मातीत.

"रोज यायची. धर्मबापाची वाडी म्हणजे आपलीच, असं तिला वाटायचं. कळ्या खुडायची, मुठी भरभरून. त्या वर्षी माझी सगळी झाडं रोगानं गेली होती, चार वाफे उरले होते. एकच मारली मी. कानाखाली. ती रहाटाच्या दगडावर पडली."

"आणि?"

"उठली नाही. फुलांच्या टोपलीत घालून नेली. वर पानं टाकली. ऑगस्टीनचं बावखल वाटेवर होतं, त्याला कुंपण नव्हतं."

सहा वर्षांची मुलगी टोपलीत मावते. सुमेधाला उन्नती धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत बसून खेळते ते दिसलं. ते तिनं डोळ्यांपुढून मागे सारलं.

"मास्तरांना कसं कळलं?"

"ऑगस्टीननं पाण्यातून तिला काढलं तेव्हा तिच्या मुठीत मोगरा होता. तेव्हा त्याच्याकडे मोगरा नव्हता. तो सांगायला गेला, पण मास्तर त्याचं ऐकायला तयार नव्हते. आता पुस्तकात कुपाराशी भांडण कसं मिटवायचं ते लिहायला घेतलं आणि मास्तरांना लाज वाटली, आपलंच मिटलेलं नाही. गेले कुंपणापाशी. दोघं रडले म्हणे. तेव्हा ऑगस्टीननं मुठीतलं सांगितलं." मार्सेलनं माती थुंकली. "मला बोलावलं. मी इतक्या वर्षांत त्या घराची पायरी चढलो नव्हतो. निघताना हात आपोआप कळ्यांकडे गेला. सर ओवला, ठेवला. मग मास्तर म्हणाले, बस. तिच्या मुठीतही ह्याच होत्या का रे? ओरडले नाहीत. रडत होते. ओरडले असते तर मी निघून आलो असतो."

शेणखताच्या खड्ड्यात त्याचा रक्ताळलेला सदरा सापडला. प्रल्हादरावांच्या हाताला चौदा टाके पडले.

स्टीवनला सांगायला सुमेधा स्वतः गेली. ती गजांशी उभी राहिली तेव्हा त्यानं विचारलं नाही. रोज पहिलं वाक्य तेच असायचं. आज त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि भिंतीकडे वळून कपाळ टेकलं.

"ऑगस्टीन नव्हते," ती म्हणाली. कुणीतरी ते तोंडानं बोलायला हवं होतं.

६

ऑगस्टीन दहाव्या दिवशी शुद्धीवर आले. डावा डोळा गेला होता. उजव्या हातात सळई. बोलताना जबडा एका बाजूनंच हलायचा. जबाबात त्यांनी मुठीतल्या कळ्यांचं सांगितलं, कुंपणापाशी मास्तरांनी त्यांचा हात किती घट्ट धरला होता ते सांगितलं, आणि बांबूबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "आठवत नाही."

"काका, खरं सांगा."

"आठवत नाही म्हणालो ना, पोरी. डोक्याला मार लागलाय माझ्या. डॉक्टरला विचार."

स्टीवन जामिनावर सुटला त्या दिवशी अश्लेषावहिनी माहेरी गेल्या होत्या. सुमेधानं उन्नतीला शाळेतून घेतलं आणि तशीच दवाखान्यात आली, कारण एक सही राहिली होती. मुलीच्या पाठीवर दप्तर, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट.

खोलीच्या दाराबाहेर स्टीवन उभा होता. लिडिया आत होती, ऑगस्टीनना चमच्यानं पेज भरवत होती. स्टीवनच्या हातात काहीच नव्हतं. तो दारापर्यंत यायचा, चौकटीला हात लावायचा आणि डोळे पुसत पुन्हा बाकाजवळ जायचा.

"सकाळपासून असाच आहे," नर्स सुमेधाला हळूच म्हणाली. "आत जा म्हटलं तर म्हणतो, कुठल्या तोंडानं."

"हे काका कोण?" उन्नतीनं विचारलं.

"आतल्या आजोबांचे... त्यांचा मुलगा. म्हणजे तसाच."

"ते का रडतात?"

सुमेधा तिच्याशी खोटं बोलत नसे. तिनं मुलीच्या उंचीवर बसून सांगितलं. "त्यांनी आजोबांना मारलं. आजोबांनी काही केलं नव्हतं, पण ह्यांना वाटलं, केलं."

"जोरात?"

"खूप जोरात."

उन्नतीनं बिस्किट खिशात ठेवलं आणि स्टीवनकडे नीट बघितलं. शाळेत अशा प्रसंगी काय करायचं असतं ते तिला पाठ होतं. ज्यानं मारलं त्यानं पुढे जायचं, सॉरी म्हणायचं. मग दुसऱ्यानं म्हणायचं, चालेल. मग टीचर दोघांना जागेवर बसवतात.

आतून पेजेचा पेला बाजूला सारल्याचा आवाज आला. मग ऑगस्टीनचा, अर्ध्या जबड्यातून येणारा.

"लिडिया, बाहेर कुणाचे पाय वाजतायत मघापासून? स्टीवन आहे का?"

लिडियानं दाराकडे बघितलं.

"त्याला विचार, जेवलास का. आणि म्हणावं, चालेल रे. चालेल. आत ये."

स्टीवन बाकाशी होता तिथेच खाली बसला. गुडघ्यात डोकं घातलं. आत जायला त्याला आता कुणाची परवानगी घ्यायची उरली नव्हती, आणि तो उठत नव्हता. सुमेधानं एक पाऊल पुढे टाकलं आणि ती थांबली.

उन्नती तिचा हात ओढत होती. कपाळावर आठी, बेरीज चुकल्यावर पडते तशी.

"आई, आजोबांनी चालेल आधीच म्हणून टाकलं," ती म्हणाली. "मग आता काकांनी सॉरी कधी म्हणायचं?"